तुटलेला बोल्ट आणि आठ उमेदवार

मटेरियल्स इंजिनियरिंग आणि मेटलर्जी विभागांचे प्रमुख व या विषयांच्या अभ्यासक्रम मंडळांचे सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यासारख्याच एका विभागातून शिकून बाहेर पडले आणि गेली चोवीस वर्षं तुटलेल्या वस्तू बघण्याचं काम करते. गिअर, शाफ्ट, स्प्रिंगा, पाइप, टर्बाइनची पाती, कधी हाडात बसवलेली प्लेट. वस्तू तुटते, कोणीतरी ती पिशवीत घालून माझ्या टेबलावर आणून ठेवतं आणि विचारतं, "का तुटली?" त्याहून जास्त वेळा विचारतं, "चूक कोणाची?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर देणं हा माझा धंदा. दुसऱ्याचं मी टाळते, पण तेही माझ्याच रिपोर्टातून काढलं जातं हे मला ठाऊक आहे.

पत्राला निमित्त झालं ते मुलाखतींचं. आमच्या प्रयोगशाळेत एक जागा रिकामी होती. अर्ज पुष्कळ आले, त्यातून आठ जणांना बोलावलं. सगळे चांगल्या मार्कांचे. मी दर वेळी करते तेच केलं: एका तुटलेल्या बोल्टचे दोन तुकडे पांढऱ्या कागदावर ठेवले आणि कागद उमेदवारापुढे सरकवला. "याच्याबद्दल काय सांगाल?"

पहिल्या मुलाने बोल्टकडे एकदा पाहिलं, पेन काढलं आणि कागदाच्या उरलेल्या जागेत आयर्न-कार्बन डायग्राम, म्हणजे किती कार्बनला आणि किती तापमानाला लोखंडाचं काय रूप होतं त्याचा नकाशा, काढायला घेतला. सुरेख काढला. ७२७ अंश, ०.८ टक्के कार्बन, ११४७ अंश, ४.३ टक्के. २.१ टक्क्यांपाशी पोलाद संपून कास्ट आयर्न सुरू होतं, ती खूणही जागच्या जागी. बोल्ट बिचारा डायग्रामच्या कोपऱ्यावर पेपरवेटसारखा पडून राहिला. मी म्हटलं, "उचलून बघा की." त्याने विचारलं, "हात लावला तर चालेल?"

आठांपैकी सहा जणांनी बोल्ट आपणहून उचललाच नाही. सातव्याने उचलला आणि क्षणाचाही विचार न करता दोन्ही तुकडे एकमेकांवर बसवून दाबले. मी जवळजवळ ओरडलेच.

त्या मुलाला मी दोष देत नाही, कारण हे पाप मी स्वतः केलं आहे. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात एक शाफ्ट आला होता, मधोमध तुटलेला. फोटो नीट यावा म्हणून मी दोन्ही भाग जुळवले आणि घट्ट बसावेत म्हणून जरा फिरवले. कर्रकन आवाज आला. आमचे वरिष्ठ फार बोलत नसत. त्यांनी तुकडा स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली ठेवला आणि मला बघायला लावलं. तुटलेल्या तोंडावर डोंगरदऱ्या असतात, काही मायक्रॉन उंचीच्या. तडा कुठून सुरू झाला, कोणत्या दिशेने गेला, एका झटक्यात गेला की महिनोन् महिने सरकत होता, ते सगळं त्या डोंगरदऱ्यांत लिहिलेलं असतं. मला जी जागा वाचायची होती तिथे आता आरशासारखा सपाट चट्टा होता. "पुराव्याला इस्त्री केलीस," एवढंच ते म्हणाले. रिपोर्टात मी लिहिलं, "तड्याची सुरुवात निश्चित करता आली नाही." कोणामुळे, ते लिहिलं नाही.

चार वर्षांच्या शिक्षणात मला हे कोणी सांगितलं नव्हतं. माझ्यानंतर इतक्या वर्षांनी शिकून आलेल्या त्या मुलालाही सांगितलेलं नाही, हे बघून हे पत्र लिहायला बसले.

आता त्या बोल्टविषयी, कारण माझं बरंचसं म्हणणं त्यातच आहे.

बोल्ट १२.९ ग्रेडचा, म्हणजे भरपूर ताकदीचा, वर झिंकचं इलेक्ट्रोप्लेटिंग. दांडा जिथे डोक्याला मिळतो त्या गोलाईत तुटलेला. तुटण्याआधी पोलाद ताणलं गेलं असतं तर तिथे कंबर बारीक झालेली दिसली असती. इथे काहीच नाही, काच तडकावी तसा तुटलेला. तोंडाचा बराच भाग मंद राखाडी, पण एका कडेला चंद्रकोरीसारखा पट्टा आणि त्यात बारीक चकाकी. दहा पटीच्या भिंगाखाली ती चकाकी दाणेदार दिसते. एसईएममध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये, हजार पटीवर नेली की खडीसाखर फोडल्यासारखे पोलादाचे स्फटिकी कण न कण सुटे दिसतात. तडा कणांना कापत गेलेला नाही, दोन कणांच्या मधल्या सीमेवरून गेला आहे.

आठवी उमेदवार एक मुलगी होती. मार्कांनी आठांत सगळ्यांत खाली. तिने बोल्ट उचलला, खुर्ची खिडकीकडे वळवली आणि उजेड तिरका पडावा म्हणून तुकडा बोटांत हळूहळू फिरवत राहिली. माझं निम्मं काम तिथेच झालं. मग तिने विचारलं, "हा आवळताना तुटला की नंतर?"

"नंतर. संध्याकाळी आवळला होता, सकाळी मशीन सुरू करायच्या आधीच डोकं खाली पडलेलं सापडलं."

ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मग प्लेटिंग कधी झालं ते बघायला हवं."

ज्यांना हा प्रश्न कुठून आला ते चटकन कळलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. (मंडळांत इतर शाखांचे सदस्यही असतात, म्हणून. मेटलर्जीवाल्यांनी रागावू नये.) प्लेटिंगच्या आधी बोल्ट ॲसिडमध्ये बुडवून साफ करतात, मग टाकीत वीज सोडतात. दोन्ही ठिकाणी हायड्रोजन तयार होतो आणि त्यातला थोडा सुट्या अणूंच्या रूपात पोलादात शिरतो. हा अणू फारच लहान. नेहमीच्या तापमानालाही तो पोलादात हिंडू शकतो. बोल्ट आवळला की जिथे ताण जास्त तिथे हे अणू जमत जातात आणि काही तासांनी, कधी काही दिवसांनी, कणांच्या सीमा सुटायला लागतात. मऊ पोलाद हे पचवतं. पोलाद जितकं कडक तितका धोका मोठा. उपाय जुनाच आहे: प्लेटिंग झाल्यावर लवकरात लवकर, सहसा चार तासांच्या आत, बोल्ट २०० अंशांच्या आसपास भट्टीत टाकायचे आणि तासन् तास ठेवायचे, म्हणजे हायड्रोजन निघून जातो. आमच्या बोल्टच्या बाबतीत भट्टीचा चार्ट मागवला तेव्हा कळलं, की शुक्रवारी संध्याकाळी प्लेटिंग झालेला लॉट सोमवारी सकाळी भट्टीत गेला होता. बाकी सगळं निर्दोष. रासायनिक विश्लेषण बिनचूक, हार्डनेस हद्दीत, मायक्रोस्ट्रक्चर, म्हणजे आतली बारीक रचना, टेम्पर्ड मार्टेन्साइट (कडक करून मग तापवून चिवट केलेलं पोलाद), पाठ्यपुस्तकात छापावं असं. नुसता डायग्राम घेऊन बसलेला माणूस या बोल्टला पास करून मोकळा झाला असता.

हा काही एकट्या बोल्टचा हट्ट नव्हे. २०१३ च्या मार्चमध्ये सॅन फ्रान्सिस्को-ओकलंड पुलाच्या नव्या भागात ९६ अँकर रॉड ताणून बसवले आणि थोड्याच दिवसांत त्यांपैकी ३२ तुटले. उच्च ताकदीचं पोलाद, वर झिंकचा थर, आणि हायड्रोजनमुळे आलेला ठिसूळपणा. ज्याचं शास्त्र पुस्तकात कित्येक दशकं छापलेलं आहे, ते तिथे कोणाच्या तरी डोक्यात योग्य वेळी आलं नाही.

त्या मुलीला मी विचारलं, हे असं बघायला कुठे शिकलीस? तिने दिलेलं उत्तर मी तुमच्यापर्यंत जसंच्या तसं पोहोचवते. "आमच्या लॅबमधलं टेन्साइल टेस्टिंगचं मशीन एक आख्खं सत्र बंद होतं. म्हणून सरांनी जुन्या तुटक्या तुकड्यांचं एक खोकं समोर ठेवलं आणि म्हणाले, मशीन दुरुस्त होईपर्यंत यातलं काय कसं तुटलं ते ओळखा."

मशीन बंद पडलं म्हणून ती शिकली. आम्ही तिला घेतलं.

माझी मागणी एवढीच आहे, की हे मशीन बंद पडण्यावर सोडू नका. पहिल्या सत्रात, पहिल्या आठवड्यात, क्रिस्टल स्ट्रक्चरच्याही आधी, प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातात एक तुटलेली वस्तू द्या. उत्तर देऊ नका. पुढची सगळी वर्षं त्याला तीच वस्तू पुन्हा पुन्हा दाखवा. हार्डनेस शिकवलात की त्याने तिची हार्डनेस घ्यावी, मायक्रोस्कोप शिकवलात की तिचं सॅम्पल करावं, फ्रॅक्चर मेकॅनिक्स शिकवलंत की हिशोब मांडावा. आज हे सगळे विषय सुटे सुटे, वेगवेगळ्या पेपरांत, वेगवेगळ्या कंपासपेटीत ठेवलेले असतात, आणि ते एकाच वस्तूबद्दल बोलत आहेत हे मुलांना नोकरी लागल्यावर कळतं.

सॅम्पल करण्यावरून आठवलं. पॉलिशिंग मुलांच्या हातून करून घ्या, सहायकाच्या हातून नको. बेकलाइटमध्ये बसवलेला तुकडा एका एमरी पेपरवरून दुसऱ्यावर जाताना नव्वद अंशांत फिरवायचा, आधीच्या कागदाचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढचा कागद घ्यायचा नाही, शेवटी डायमंड पेस्ट, मग दोन टक्के नायटलमध्ये (अल्कोहोलमधलं नायट्रिक ॲसिड) काही सेकंद. आरसा जरासा धुरकट झाला की लगेच पाण्याखाली. दोन सेकंद जास्त झाले की सगळं काळं, पुन्हा पहिल्यापासून. कंटाळवाणं काम आहे. पण ज्याने स्वतः पन्नास सॅम्पलं काळी केली त्याला फोटोतला ओरखडा कोणता आणि तडा कोणता हे विचारावं लागत नाही. मी अशा फोटोंवर वाद घातलेला पाहिला आहे, मोठ्या बैठकीत, दोन्ही बाजूंना वकील, आणि ज्याला सगळे तडा म्हणत होते तो पॉलिशिंगचा ओरखडा होता.

तुटलेल्या वस्तूंपासून सुरुवात करा असं मी म्हणते ते केवळ माझा धंदा तो आहे म्हणून नाही. ही विद्याशाखा वाढली तीच अशी. १८४२ मध्ये व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या आगगाडीच्या इंजिनाचा आस तुटला आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. कमी भाराखाली, वापरता वापरता लोखंड का तुटावं? तेव्हा समजूत अशी होती, की हादऱ्यांनी लोखंड 'स्फटिकी' होतं, त्याची जात बदलते. पुढे ऑगस्ट वोलर नावाच्या रेल्वेतल्या इंजिनियरने आस फिरवून फिरवून, हजारो आणि लाखो फेऱ्या मोजून दाखवलं, की पुन्हा पुन्हा येणारा लहान ताणही पुरतो. आज आपण ज्याला फटीग म्हणतो आणि एका आलेखात उरकतो त्याच्यामागे ही वर्षं आहेत.

आणि १६ जानेवारी १९४३ ची रात्र. 'शेनेक्टडी' नावाचं कोरं करकरीत तेलवाहू जहाज, समुद्रावरची चाचणी नुकतीच आटोपून धक्क्याला शांत उभं. वादळ नाही, लाटा नाहीत, पाणी गार. अचानक मैलभर ऐकू जाईल असा आवाज झाला आणि जहाज मधोमध फाटलं. डेक फाटला, दोन्ही बाजू फाटल्या, तळाचे पत्रे तेवढे धरून राहिले आणि जहाजाचा मध्य पाण्याबाहेर उचलला गेला. त्या काळात घाईने बांधलेल्या कितीतरी वेल्डेड जहाजांना असे तडे गेले. सगळ्यांचं बोट वेल्डिंगकडे. केंब्रिजमध्ये कॉन्स्टन्स टिपर या मेटलर्जिस्ट बाईंनी पोलादाचे तुकडे गार करून तोडून पाहिले. तेच पोलाद, उबेत चिवट आणि थंडीत काचेसारखं, आणि दोन्हींच्या मधला बदल थोड्याच अंशांत होणारा. वेल्डिंगचा वाटा होता, नाही असं नाही. रिव्हेटने जोडलेल्या जहाजात तडा एका पत्र्याच्या कडेला येऊन थांबायचा, वेल्डिंगने अख्खं जहाज एकसंध झालं आणि तड्याला पुढचा रस्ता मोकळा मिळाला. पण मूळ दुखणं पोलादाचं. मला या गोष्टीत टिपरबाईंचं थांबणं फार आवडतं. गुन्हेगार हाताशी असताना, सगळे त्याच्याकडे बोट दाखवत असताना, त्यांनी तुकडा पुन्हा हातात घेतला.

१९५४ मध्ये धातूला तडे जाऊन हवेतच फुटलेल्या कॉमेट विमानांची गोष्ट तुम्ही सगळे शिकवता, ती मी परत सांगत नाही.

तुमच्यातल्या तरुण प्राध्यापकांचा आक्षेप मला आत्ताच ऐकू येतो आहे. बाई, जग पुढे गेलं. आता बॅटऱ्या आहेत, चिप्स आहेत, संगणकावर मिश्रधातू जन्माला येतात, आणि तुम्ही अजून बोल्ट घेऊन बसला आहात. मान्य, बोल्ट जुना आहे. पण बॅटरीवाल्यांना विचारा, बॅटरी म्हातारी का होते. कॅथोडचे कण चार्ज-डिस्चार्जच्या फेऱ्यांत फुगतात, आकसतात आणि तडकतात. लिथियमच्या सुया वाढून आतल्या आत शॉर्ट होतात. चिपमधल्या धातूच्या तारेत इलेक्ट्रॉनच्या धक्क्यांनी अणू सरकतात, एका जागी पोकळी होते आणि तार तुटते. व्हर्सायच्या आसाचीच ही नातवंडं आहेत, फक्त मापं लहान. आणि जी वस्तू अजून जन्मालाच आलेली नाही तिच्याकडे बघायलाही डोळा लागतो. १९६० च्या दशकात स्टेफनी क्वोलेक ड्यूपॉन्टमध्ये पॉलिमरची द्रावणं करत होत्या. एक द्रावण गढूळ आणि पातळ निघालं, नेहमीसारखं दाट आणि पारदर्शक नाही. धागा काढायच्या यंत्रावरच्या तंत्रज्ञाने सुरुवातीला नकार दिला, त्याला वाटलं यंत्राची छिद्रं बुजतील. बाईंनी पिच्छा सोडला नाही. त्यातून केव्हलार निघालं, बुलेटप्रूफ जाकिटांत वापरतात तो धागा. बिघडलेलं दिसतं म्हणून ते ओतून देणारे त्यांच्याआधी कोणी झाले असतील का, हा प्रश्न मला अधूनमधून पडतो.

सिम्युलेशनच्या मी विरोधात नाही. आमच्याकडेही रोज चालतं. माझी तक्रार वेगळी आहे. संगणकातला धातू स्वच्छ असतो. १९८९ मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या २३२ क्रमांकाच्या विमानाच्या शेपटीतल्या इंजिनाची टायटॅनियमची डिस्क हवेत फुटली, तुकड्यांनी विमानाच्या हायड्रॉलिक नळ्या कापल्या, आणि ११२ माणसं मेली. वैमानिकांच्या कौशल्यामुळे १८४ वाचली. शोध घेत घेत माणसं पोहोचली ती १९७१ साली वितळवलेल्या टायटॅनियमपर्यंत. वितळवताना नायट्रोजन शिरून एक बारीकसा ठिसूळ डाग तयार झाला होता. त्या डागापाशी तडा सुरू झाला आणि विमान उडत राहिलं तसा वाढत राहिला. डिझाइनच्या हिशोबात तो डाग नव्हता, कारण हिशोब टायटॅनियमचा होता, त्या एका ओतीव गोळ्याचा नव्हता. तुमच्या विद्यार्थ्याने आयुष्यात एकदा तरी भट्टीसमोर उभं राहून वितळलेला धातू ओतताना बघितला असेल, त्यावरचा मळ बघितला असेल, तर मॉडेलमध्ये आकडा भरताना त्याचा हात किंचित थबकेल. मला तेवढं थबकणं हवं आहे.

आणखी एक, आणि हे जरा नाजूक आहे. या करिअरमध्ये काय वाट्याला येतं ते मुलांना आधी सांगा. बरीच मुलं तुमच्याकडे दुसरी शाखा मिळाली नाही म्हणून येतात. शाखेचं नावही कोणाला धड कळत नाही. मेटलर्जी म्हटलं की खाण आठवते, पदार्थ अभियांत्रिकी म्हटलं की मागची पिढी म्हणते, म्हणजे फिजिक्सच ना? अशा मुलांना तुम्ही पहिल्या दिवशी भाषण देता, की सगळं जग मटेरियल्सवर उभं आहे. खरं आहे ते, पण त्याने कोणाला दिवस कसा जातो हे समजत नाही.

दिवस असा जातो. डिझाइन ठरलेलं असतं, मटेरियल 'नेहमीचंच' म्हणून कोष्टकातून उचललेलं असतं, आणि तुम्हाला बोलावतात ते तुटल्यावर. निम्मा वेळ माणसांशी बोलण्यात जातो. हीट ट्रीटमेंटच्या भट्टीवरचा रात्रपाळीचा माणूस खरं काय झालं ते सांगेल, पण तुम्ही त्याला वहीतल्या नोंदीवरून धारेवर धरलंत तर कधीच सांगणार नाही. त्याच्याशी कसं बोलावं याचा एकही तास तुमच्याकडे नाही. आणि फोन येतात. मला एका गिऱ्हाइकाचा आला होता, गोड आवाजात: रिपोर्ट उत्तम आहे, फक्त 'प्लेटिंगनंतरच्या प्रक्रियेतील विलंबामुळे' याच्या जागी 'संभाव्यतः अतिभारामुळे' एवढं करता येईल का? दोन शब्दांचा फरक, त्यावर लाखो अवलंबून, आणि खाली सही माझी. शब्द बदलला नाही. ते गिऱ्हाईक नंतर आलं नाही. हा प्रसंग माझ्यावर नोकरीच्या अठराव्या वर्षी आला, तोवर मी पक्की झाले होते. तो दुसऱ्या वर्षी आला असता तर मी काय केलं असतं, याची मला खात्री देता येत नाही. म्हणून म्हणते, परीक्षेत एक तरी रिपोर्ट असा लिहायला लावा ज्यात पुरावा अपुरा आहे, आणि 'नक्की सांगता येत नाही, पुढची ही ही तपासणी हवी' असं लिहिणाऱ्याला पूर्ण मार्क द्या. आज त्याला शून्य मिळतं, आणि ठोकून उत्तर देणाऱ्याला निदान पासापुरते मिळतात.

काम मात्र संपणारं नाही, हेही सांगा. जगात वर्षाला सुमारे १९० कोटी टन पोलाद तयार होतं आणि माणसाच्या कार्बन उत्सर्जनात त्याचा वाटा सात टक्क्यांच्या आसपास आहे, कारण खनिजातला ऑक्सिजन काढून घ्यायला आपण कोळसा वापरतो. आता तेच काम हायड्रोजनकडून करून घ्यायची खटपट सुरू आहे, स्वीडनमध्ये तसं पोलाद तयार करून दाखवलंही आहे. म्हणजे बघा, ज्याने माझा बोल्ट तोडला तोच आता पोलाद घडवायला येतो आहे. त्याला साठवायच्या टाक्या, त्याला वाहून नेणाऱ्या नळ्या, त्या नळ्यांचं वेल्डिंग, वेल्डिंगशेजारचा कडक झालेला पट्टा, आणि त्या पट्ट्यात शिरणारा तोच लहानसा अणू. पुढच्या तीस वर्षांची पिशव्या भरून कामं यात आहेत. ती माझ्या टेबलावर न येता आधीच टळावीत असं वाटत असेल, तर डिझाइन ठरत असताना त्या खोलीत तुमचा विद्यार्थी बसलेला हवा, आणि त्याने हायड्रोजनने तुटलेला एक तरी बोल्ट हातात घेतलेला हवा.

अभ्यासक्रम बदलायला वर्षं लागतात, मंडळांच्या बैठका असतात, श्रेयांकांचं गणित असतं, हे मी जाणते. खोकं ठेवायला बैठक लागत नाही. प्रत्येक कारखान्यात, प्रत्येक दुरुस्ती विभागात भंगाराच्या डब्यात तुटके भाग पडलेले असतात. मागितले तर लोक हसत देतात. गंज चढू नये म्हणून तेलाचा हात, प्रत्येक तुकडा वेगळ्या पिशवीत, पिशवीवर नंबर आणि माहीत असेल तेवढा इतिहास: कुठे होता, किती दिवस चालला, तुटला तेव्हा काय चाललं होतं. कारण लिहायचं नाही.

माझ्याकडे चोवीस वर्षांत अशा पिशव्यांची चार कपाटं भरली आहेत. ज्या तुकड्यांचे वाद मिटले आहेत आणि जे मालकांनी परत नेले नाहीत, ते मी द्यायला तयार आहे. ज्या विभागाला हवे असतील त्याने कळवावं, मी खोकं बांधून ठेवते. मुलाखतीतला बोल्टही त्यात घालीन, मला आता दुसरा शोधायला हवा. त्याच्या पिशवीवर फक्त एवढं लिहिलेलं असेल: संध्याकाळी आवळला, सकाळी तुटलेला सापडला.

मुलांना तो खुशाल हाताळू द्या. फक्त दोन तुकडे एकमेकांवर बसवू देऊ नका.

आपली,
तुटक्या वस्तू बघणारी एक मटेरियल्स इंजिनियर